मांजरी बुद्रुकहून आनंदीबाई

ड्रॉवर उलटा केला आणि सगळ्यात शेवटी तो गठ्ठा पडला. त्याचं रबर केव्हाच वाळून तुटलं होतं, त्यामुळे पोस्टकार्डं टेबलाखाली पसरली, आणि मी वाकायच्या आत शुभंकर वाकला. त्या बुधवारी आमची टीम तिसऱ्या मजल्यावरून सहाव्यावर जाणार होती. बारापर्यंत ड्रॉवर रिकामे करून किल्ल्या द्या, असा मेल दोनदा येऊन गेला होता, आणि मी आपली सकाळपासून स्टेपलर, चहाचा मग, गेल्या वर्षीचं कॅलेंडर असल्या निरुपद्रवी वस्तू एकेक करून खोक्यात भरत होते, कारण तळाशी काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. शुभंकर माझ्या शेजारच्या खुर्चीतला. कोथरूडचा, जिभेला धार, मनाने वाईट नाही. पण धार लागायची ती लागतेच. "पोस्टकार्डं अजून मिळतात?" म्हणत त्याने एक उचललं आणि वाचलंच. "प्रति, फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम, आकाशवाणी, शिवाजीनगर, पुणे पाच." मग दुसरं उचललं. मग तिसरं. सगळ्यांवर तेच, त्याच ठसठशीत, एकेक अक्षर सुटं लिहिलेल्या हस्ताक्षरात. "कोणाची गं ही?" त्याने विचारलं. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. असेल कुणीतरी. हे उत्तर मी एकदा वापरलेलं होतं, याच माणसाला दिलेलं होतं, आणि तेव्हा ते छान खपलं होतं. पण या खेपेला ते निघालं नाही. "माझ्या वडिलांची," मी म्हणाले. "मग टाकायची राहिली की," शुभंकर म्हणाला, आणि कार्डं टेबलावर आपटून सारखी करून त्याने माझ्या हातात दिली. साडेदहा झाले होते. आज चौदा डिसेंबर होता, आणि मांजरीत आमच्या ओसरीवर माझे वडील अडीच वाजायची वाट बघत बसले होते.

आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते भिंतीला होतं. वेळ रेडिओवर चालायची. पाच पंचावन्नला ती एकटीच वाजणारी धून लागली की अण्णा अंथरुणातून उठणार, मग सनई, मग भक्तिगीतं. सातच्या आधी संस्कृत बातम्या. त्यातलं एक अक्षर अण्णांना कळत नसे, पण ते मांडी घालून ताठ बसून त्या ऐकत, आणि आई चुलीपाशी मला दटावायची, देवाच्या बातम्या चालल्यात, मधे बोलू नको. सात पाचच्या पुण्याच्या बातम्यांना मी उठायचं, साडेआठच्या दिल्लीच्या बातम्यांना वेणी घालून तयार असायचं. अण्णा ऊस संशोधनवाल्यांच्या शेतावर पाणी द्यायला होते. रेडिओ कातडी पिशवीत घालून खांद्याला, म्हणजे दुपारचे बाजारभाव, कामगारांसाठीची गाणी, कुठलीशी श्रुतिका, कधी संसदेत काय झालं त्याचं निवेदन, हे सगळं उसाच्या सरीत होऊन जायचं. दिल्लीहून एक संथ गतीच्या बातम्या लागायच्या, लोकांना लिहून घेता याव्यात म्हणून एकेक शब्द तोडून सांगितलेल्या. अण्णांची शाळा चौथीत सुटलेली. त्यांनी त्या बातम्या वर्षानुवर्षं वहीत उतरवल्या, आणि त्यावरच त्यांचं अक्षर घडलं. आजही ते तसंच लिहितात, कुणीतरी समोर बसून सावकाश सांगतंय आणि आपण एकही शब्द चुकवायचा नाही, असं. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम, मग फौजींची गाणी, आणि जेवणं झाल्यावर इंग्रजी बातम्या. त्या माझ्यासाठी. "कळंना का," ते म्हणायचे, "कान तर तयार हुतोय." तो कान घेऊन मी इंजिनियर झाले, तो कान घेऊन मुलाखतीत फाडफाड बोलले, आणि मग त्याच कानाला त्यांच्या रेडिओची लाज वाटायला लागली. वा रे मुक्ताई.

फर्माइशीचं वेड मात्र आईमुळे लागलं, तिला न विचारता. अण्णांनी जन्मात कधी आईचं नाव घेतलं नाही. त्यांच्या पिढीत कुणीच घेत नाही. बायकोने नवऱ्याचं घ्यायचं ते उखाण्यात, तेही लग्नात आणि बारशाला, आणि नवऱ्याने बायकोचं घ्यायचं तर तेवढीसुद्धा सोय नाही. अगं, इकडं ये, ऐकलंस का, मुक्ताईची आई. सासरी आल्यावर आनंदीबाई हे नाव रेशनकार्डावर राहिलं आणि तिथेच पिवळं पडलं. मी पाचवीत असताना एका दुपारी अण्णा शेतावरून मुद्दाम घरी आले, रेडिओ ओसरीवर ठेवला आणि त्याच्यासमोर बसले. फर्माइशी गाणी चालली होती. निवेदिका बाईंनी गावांची आणि माणसांची नावं वाचता वाचता वाचलं, "मांजरी बुद्रुकहून आनंदीबाई, मुक्ताई, संपत आणि दत्तोबा." संपत म्हणजे अण्णा. आई परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. तिने पदर पुढे ओढला, जसं काही ती बाई रेडिओतून बघतेय, आणि आत निघून गेली. आतून म्हणाली, "त्या बाईला माझं नाव कुनी सांगितलं?" अण्णा दाराकडे पाठ करून हसत होते. पुढच्या बुधवारी मात्र आईने पीठ आधीच मळून ठेवलं, हात धुतले, आणि बरोबर अडीचला उंबऱ्याच्या आत येऊन बसली. गाणं कुठलं लागलं ते कुणालाच कधी आठवायचं नाही. अण्णांच्या कार्डावर गाण्यापुढे कायम एकच ओळ असायची, गाणं आपल्या पसंतीचं. ज्या आठवड्यात नाव लागायचं नाही त्या आठवड्यात आई नुसती उठायची, आणि अण्णा तिला ऐकू जाईल असं म्हणायचे, "कार्डं लई येत्यात त्यांच्याकडं. येईल."

आणि ती गेल्यावरही ते तिचं नाव पहिलंच लिहीत राहिले. मला ते आधी वेडेपणाचं वाटलं. मी म्हटलंही, अण्णा, आई आता नाही, रेडिओवाल्यांना फसवल्यासारखं होतं. ते म्हणाले, "त्यांस्नी काय ठावं हाय? ती बाई घेती की नाव." मेलेल्या माणसाचं नाव जिवंत माणसांच्या यादीत, तिऱ्हाईत बाईच्या स्वच्छ आवाजात, आठवड्यातून एकदा. त्यांना तेवढंच हवं होतं. मला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर पुढचं सगळं सांगताना तोंड कडू होतं.

नोकरी लागली तेव्हा मी मुक्ताईची मुक्ता झाले. गळ्यातल्या पट्ट्यावर तसंच छापून घेतलं. कुठे राहतेस विचारलं की हडपसरच्या पुढे, असं म्हणायचे. पुढे बिल्डरांनीच मांजरीला हडपसर अ‍ॅनेक्स म्हणायला सुरुवात केली तेव्हा मला केवढं सुटल्यासारखं झालं. गेल्या फेब्रुवारीत आमची दुपारची शिफ्ट होती. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर पोपट रेडिओ लावून गाडी चालवायचा, आणि मुलं त्याला, काका, एफएम लावा, म्हणून ओरडायची. सिग्नलला बस थांबली होती. आणि कसलीच सूचना न देता रेडिओवरची ती बाई म्हणाली, "मांजरी बुद्रुकहून आनंदीबाई, मुक्ताई, संपत आणि दत्तोबा." शुभंकर सीटवरून उठून उभा राहिला. "फर्माइशी पाठवायला मांजरी म्हणजे आपली झुमरीतलैयाच की. मुक्ता, ही मांजरीची मुक्ताई कोण गं? तुमच्या तिकडचीच ना?" बस हसली. मीही हसले. हसत हसत म्हणाले, "असेल कुणीतरी." आणि वर, कुणी विचारलं नसताना, "खेड्यातल्या लोकांना दुसरा उद्योग काय असतो?" आईला जाऊन चौदा महिने झाले होते. तिचं नाव घेतलं गेलं, सबंध बसभर ऐकू गेलं, आणि तिच्या पोटची पोर म्हणाली, असेल कुणीतरी. खिडकीबाहेर बघायचं होतं, तर तिथे काचेत माझंच तोंड दिसत होतं, हसणारं.

त्यानंतरचं कार्ड मी खरंच विसरले. देवाशपथ विसरले. अण्णांचे गुडघे धरल्यापासून कार्ड टाकायचं काम माझ्याकडे होतं. गावातल्या पेटीवर त्यांचा भरवसा नव्हता, तुझ्या हापिसापाशी दोनदा पेटी उघडत्यात, तिथं टाक, असा त्यांचा हुकूम. ते कार्ड पर्सच्या कप्प्यात राहिलं आणि पुढच्या बुधवारी बसमध्ये ती बाई नावं वाचायला लागली तेव्हा मला खिडकीबाहेर बघावं लागलं नाही. एवढंच झालं. दुसरं कार्ड मी विसरले नाही. पेटीपाशी गेले, हातात धरलं, आणि परत आणून ड्रॉवरमध्ये ठेवलं. फाडलं नाही, फेकलं नाही. स्वतःला सांगितलं की पुढच्या आठवड्यात दोन्ही टाकू. मग तिसरं. मग रबर लावलं. माणूस एकदम नीच होत नाही, हप्त्याहप्त्याने होतो. घरी गेले की अण्णा विचारायचे, "टाकलंस?" मी म्हणायचे, "टाकलं." बुधवारी संध्याकाळी मी विचारायचे नाही आणि ते सांगायचे नाहीत. सुरुवातीला एकदोनदा त्यांनी रेडिओकडे बघत ते वाक्य म्हटलं, कार्डं लई येत्यात त्यांच्याकडं. मग तेही थांबलं. मला वाटलं, विसरले. बरं झालं. म्हातारी माणसं विसरतात असं आपल्याला सोयीचं असतं.

"शुभंकर," मी कार्डं हातात धरून विचारलं, "तुला आठवतं का, फेब्रुवारीत बसमध्ये तू झुमरीतलैया म्हणाला होतास?" तो खोक्याला चिकटपट्टी लावत होता. "मी? कुणाला?" मी म्हटलं, "मला. म्हणजे मांजरीच्या मुक्ताईला." त्याने जरा विचार केला. "म्हणालो असेन. मी काय, दिवसभर काही ना काही बोलतच असतो," तो म्हणाला, आणि दातांनी पट्टी तोडून किल्ली द्यायला गेला. त्याला आठवत नव्हतं. दहा महिने मी ज्या हसण्याला भिऊन बापाची पत्रं कोंडून ठेवली, ते हसणं हसणाऱ्याच्या लक्षातही नव्हतं. मला त्याचा राग येईना, आणि तो आला असता तर फार बरं झालं असतं.

सकाळी अण्णांनी दाढी केली होती. तिथीचं श्राद्ध आधीच होऊन गेलं होतं, पण रेडिओला तिथी कळत नाही, त्याला तारीख लागते, म्हणून त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच कार्डावर लाल शाईने लिहून दिलं होतं, दिनांक चौदा डिसेंबर रोजीच लावावे ही विनंती. चहा घेताना म्हणाले, "आज लागंल बग. तारीख घालून मागितलं की देत्यात." आणि मग, माझ्याकडे न बघता, "टाकलं व्हतंस न्हवं?" मी म्हटलं, "हो अण्णा." बशीत ओतलेला चहा निवेपर्यंत ते बशीकडे बघत होते. मी बससाठी पळाले.

बॉसला तब्येतीचं कारण सांगून मी रिक्षा केली. तब्येतीचं कारण अगदीच खोटं नव्हतं. पर्समध्ये गठ्ठा, त्यावर सगळ्यात वर लाल शाईचं कार्ड. रिक्षावाल्याने एफएम लावला होता. एक पोरगा न थांबता बोलत होता आणि मधूनमधून त्याच्यामागे कोंबडा आरवत होता. फातिमानगर, पुलगेट. या वेळी अण्णांच्या रेडिओवर महिलांचा कार्यक्रम चालू असणार, कुणीतरी आवळ्याचा मुरांबा सांगत असणार, आणि अण्णा तोही ऐकत असणार, कारण आवाज तोडला तर पुढचं काही निसटेल अशी त्यांना भीती. आई असताना ते तिला हाक मारून सांगायचे, अगं, मीठ पाव चमचा म्हनत्यात. ती म्हणायची, त्यांना म्हनावं, तुमीच खा. हे आठवून मला रिक्षात हसू आलं आणि मग रडू आलं, आणि रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघून आवाज कमी केला. माझा काय विचार होता? कार्ड नेऊन देईन, हातापाया पडेन, आणि अडीच वाजता ते वाचतील. एवढ्या वर्षांच्या इंजिनियरिंगनंतर माझ्या डोक्यात एवढीच योजना होती.

आकाशवाणीत वहीत नाव लिहून मला एका खोलीत पाठवलं. खोलीत श्यामसुंदर नावाचे एक निवृत्तीला आलेले गृहस्थ मफलर गुंडाळून बसले होते; समोर पोस्टकार्डांचे ढीग, त्यावर वजन म्हणून डब्याची झाकणं. मी एका दमात सगळं सांगितलं, म्हणजे सगळं नाही. कार्ड पाठवायचं राहून गेलं, एवढंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजचा कार्यक्रम परवा बांधून झाला. आपण काय समजता, बाई आत बसून समोर येतील ती कार्डं वाचतात? तसं असतं तर आम्ही इथे कशाला असतो?" मी लाल शाईचं कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावला. अक्षर बघितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "मांजरीचे संपत," ते म्हणाले. "गाणं आपल्या पसंतीचं. अहो, हे अक्षर इथे सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या मुलींना आम्ही दाखवायचो, पत्र लिहावं तर असं. आहेत होय?" मी विचारलं, "म्हणजे?" ते जरा अवघडले. "पत्रं थांबली ना. गेल्या फेब्रुवारीपासून. अशी थांबतात. वर्षाला चारदोन जुने श्रोते थांबतात, आणि आम्ही काय ते समजतो. आम्ही समजलो, गेले." मी म्हटलं, "नाही, आहेत." "उत्तम. आणि आनंदीबाई?" "त्या गेल्या. आज दोन वर्षं झाली." त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग बोटांवर काहीतरी मोजलं, मग मोजायचं सोडलं. "मग आम्ही त्यांचं नाव..." ते म्हणाले. मी म्हटलं, "हो." त्यांनी एक झाकण उचललं आणि परत ढिगावर ठेवलं. मग कार्ड परत देऊन म्हणाले, "नवं पाठवायला सांगा. पोस्टाने. हातात घेत नाही, नाहीतर उद्या अख्खा हवेली तालुका दारात उभा राहील. पण पाठवा. आम्ही बघू." मी उठले. दारात पोचले तेव्हा ते म्हणाले, "राहून गेलं म्हणालात. दहा महिने?" मी मागे वळून बघितलं नाही.

मांजरीच्या फाटकाला गाडीसाठी थांबावं लागलं. पावणेतीन होऊन गेले होते. म्हणजे कार्यक्रम अर्धा झाला होता, नावं वाचून होत आली असणार. आमच्या गल्लीत एका बाजूला अजून ऊस आहे आणि दुसऱ्या बाजूला सात मजली इमारत, आणि दुपारी दोन्हीकडे सामसूम असते, त्यामुळे मला कोपऱ्यावरच अण्णांचा आवाज ऐकू आला. अण्णा कधी ओरडत नाहीत. म्हणून मी उसाच्या कडेला थांबले. ओसरीवर त्यांच्याबरोबर दत्तोबा होते, कार्डातले चौथे, अण्णांचे लंगोटीयार. त्यांना दोन वर्षांपासून ऐकू येत नाही, तरी बुधवारी ते फेटा बांधून येतात. रेडिओवर गाणं चालू होतं. दत्तोबा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारत होते, "घेतलं का नाव?" अण्णा म्हणाले, "घेतलं." "काय?" "घेतलं म्हनतो!" "माझं घेतलं?" "घेतलं!" "आन् तिचं? आज तिचा दिस हाय. तिचं घेतलं का न्हाई?" अण्णांनी रेडिओकडे बघितलं. मग त्यांनी ठसका लागल्यावर ठेवतात तसा छातीवर हात ठेवला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आनंदीबाई! आनंदीबाई म्हनली बाई! मांजरी बुद्रुकहून आनंदीबाई!" दत्तोबांनी मान डोलवली. "ब्येस झालं," ते म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात जे नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही ते त्यांना असं काढावं लागलं, एका बहिऱ्या माणसाला खोटं सांगण्यासाठी, माझ्यापायी. नेमकं मला तेव्हाच कळलं की हे आजचं नाही. दत्तोबा गेल्या महिन्यात मला वाटेत म्हणाले होते, तुज्या आईचं नाव आलं ग परवा, आणि मी त्यांना काय कळतंय म्हणून पुढे गेले होते. दहा महिने, दर बुधवारी, अण्णा आलं म्हणून सांगत होते. दत्तोबांना माझ्याविषयी काही विचारता येऊ नये म्हणून.

मी ओसरी चढले तेव्हा अण्णांनी मला बघितलं आणि पहिल्यांदा आपलं तोंड पुसलं, जसं काही नाव तिथे सांडलं होतं. त्यांना लाज वाटत होती. त्यांना! दत्तोबा फेटा सावरत गेले. रेडिओवर जाहिरात लागली. मी पर्स उघडून गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "अण्णा, मी टाकली नाहीत. एकही नाही. मला लाज वाटायची. बसमध्ये नाव लागलं आणि पोरं हसली, आणि मी आईला ओळखत नाही म्हणाले." ते गठ्ठ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "फेकली न्हाईस?" मी म्हटलं, "नाही." "फाडली?" "नाही." "मंग बरं," ते म्हणाले, "तिचं नाव हाय त्यावर." आणि कार्डं उचलून त्यांनी आपल्या सदऱ्याने एकेक पुसली, वरची आणि खालची बाजू, आणि कोनाड्यात ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. ते म्हणाले, "एखादं कार्ड हरवंल. दोन हरवतील. समदी कशी हरवतील? टपालखातं एवढं वाईट न्हाई." मग त्यांनी कोनाड्यातूनच एक नवं कार्ड काढून मला दिलं. सकाळी मी गेल्यावर लिहिलं असावं. तेच अक्षर, तोच पत्ता, गाणं आपल्या पसंतीचं. "ह्ये टाकशील," ते म्हणाले, मला विचारत नव्हते, धीर देत होते. "ह्यातनं तुझं नाव काढलंय. आता काय न्हाई व्हायचं तुला." मी वाचलं. आनंदीबाई, संपत, दत्तोबा. मुक्ताई असायची तिथे त्यांनी स्वल्पविरामसुद्धा नीट सांधून घेतला होता. रागाने काढलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी माझी सोय केली होती.

मी गावातल्या पेटीपर्यंत चालत गेले. पेटीपाशी उभं राहून पेन काढलं आणि माझं नाव घालायला जागा बघितली. अण्णा कार्ड भरून लिहितात. ओळीत कुठे जागा नव्हती. शेवटी कडेला, कार्ड आडवं धरून, बारीक लिहिलं, मुक्ताई. पूर्ण लिहिलं. माझं अक्षर घाणेरडं आहे, वर्षानुवर्षं नुसतं टाइप केलंय. ते त्यांच्या अक्षराशेजारी कुणीतरी नंतर खरडल्यासारखं दिसत होतं. तसंच टाकलं.

चौथ्या बुधवारी मी रजा घेऊन घरी थांबले. दत्तोबा आले, अण्णांनी रेडिओ ओसरीवर ठेवला, आणि मी आईच्या जागी, उंबऱ्याच्या आत बसले. हात धुऊन बसले होते, का ते मला सांगता येणार नाही. बाईंनी सासवड घेतलं, लोणी काळभोर घेतलं, विश्रांतवाडीहून कुणी दहाबारा जणांची लांबच लांब यादी घेतली. मग त्यांनी स्वच्छ आवाजात वाचलं, "मांजरी बुद्रुकहून आनंदीबाई, संपत आणि दत्तोबा." अण्णांनी डोळे मिटले. दत्तोबांनी विचारलं, घेतलं का, आणि अण्णांनी या खेपेला नुसती मान हलवली, त्यांना ओरडावं लागलं नाही. मी पुढे वाकले होते. माझा कान अजून त्या आवाजात होता, आणखी एक नाव यायचं होतं, आता घेतील, आता. गाणं सुरू झालं.

गाणं संपेपर्यंत मी तशीच बसून होते. मग म्हटलं, "अण्णा, मी माझं नाव लिहिलं होतं. कडेला."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग रेडिओकडे तोंड करून, मला ऐकू जाईल असं, सावकाश म्हणाले, "कार्डं लई येत्यात त्यांच्याकडं. येईल."